डाव संपल्यावर

बुद्धिबळ हा शांततेचा खेळ आहे असा समज ज्यांनी पसरवला, त्यांनी तो खेळ बहुधा कॅलेंडरवरच्या चित्रात पाहिला असावा. चित्रात दोन सभ्य गृहस्थ कपाळाला बोट लावून बसलेले असतात, मागे पुस्तकांचं कपाट असतं, आणि कुणी कुणाला ‘अहो, झोपलात की काय?’ असं विचारत नाही. आमच्या सोसायटीत जिन्याखाली, पाण्याच्या पंपाच्या खोलीला लागून, संध्याकाळी सहापासून डास असह्य होईपर्यंत जे बुद्धिबळ चालतं, त्याचा ह्या चित्राशी काही संबंध नाही. तिथं खेळणारे दोन असतात आणि खेळवणारे सात.

पट प्लायवूडचा आहे. मोहरे दोन निरनिराळ्या संचांतून बचावलेले, त्यामुळे एका हत्तीच्या मानानं दुसरा हत्ती पिल्लू वाटतो. पांढऱ्याचं एक प्यादं फार वर्षांपूर्वी हरवलं. त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण उभं असतं. ह्या झाकणानं आजवर दोनदा आठव्या घरापर्यंत मजल मारून वजिराचं पद मिळवलेलं आहे. सोसायटीच्या निवडणुकीत दोनदा पडलेले आमचे एक सभासद त्याच्याकडे जरा असूयेनंच पाहतात.

मुख्य खेळाडू दोन. एक वकीलकाका. त्यांची वकिली सुटून बारा वर्षं झाली, उलटतपासणी सुटलेली नाही. ‘मोहऱ्याला हात लावलात, आता तोच चालवा,’ असं कुणी म्हटलं, की ‘मी हात लावला नाही, तो लागला; लावणं आणि लागणं ह्यांत हेतूचा फरक आहे,’ असा त्यांचा युक्तिवाद सुरू होतो. दुसरे नाना. हे बँकेतून निवृत्त झालेले, आणि लहानपणी आजोबांकडून देशी पद्धतीचं बुद्धिबळ शिकलेले. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, आणि राजाला शह बसलेला नसेल तर त्याला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. नाना खेळतात आंतरराष्ट्रीय पद्धतीनंच, पण राजा अगदीच कोंडीत सापडला की त्यांना आजोबा आठवतात.

वकीलकाकांचा चेहरा कोर्टात मुरलेला आहे. त्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. पण टेबलाखाली त्यांचा उजवा पाय असतो. डाव हातचा जायला लागला, की तो पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलायला लागतो. नाना पट वाचत नाहीत, पाय वाचतात. वाकून चप्पल शोधण्याचं निमित्त करायचं, पाय कुठल्या गियरमध्ये आहे ते पाहायचं आणि मग चाल करायची, ही त्यांची पद्धत. मधेच चहा येतो. तो पहिल्या मजल्यावरून, म्हणजे आमच्याकडून येतो. ही थर्मास आणि कप घेऊन खाली येते, पटाकडे एक नजर टाकते आणि वर जाते.

तर अशा ह्या बुद्धिबळाच्या वातावरणात मोबाइलवरचं बुद्धिबळ आलं. माझ्या भाच्यानं ते माझ्या फोनवर चढवून दिलं आणि ‘मामा, आता जगाशी खेळा,’ असं म्हणून तो निघून गेला. जगाशी खेळायचं म्हणजे काय, तर रात्री साडेअकरा वाजता पलंगावर आडवं पडून पेरू देशाचा झेंडा लावलेल्या कुणाशी तरी तीन मिनिटांच्या बोलीवर लढायचं. हा ‘कुणी तरी’ म्हातारा आहे की शाळकरी, बाई आहे की बुवा, आंघोळ करून बसलाय की नाही, काही पत्ता नाही. नावाच्या जागी एखाद्या जनावराचं नाव आणि चार आकडे. मोहरा उचलला की तो कुठल्या घरांत जाऊ शकतो ते ठिपक्यांनी दाखवलं जातं, नियमबाह्य चाल करताच येत नाही. म्हणजे नानांच्या आजोबांना तिथं प्रवेशच नाही, आणि वकीलकाकांची केस पहिल्याच तारखेला निकालात.

तिथली सगळ्यांत चमत्कारिक सोय म्हणजे आगाऊ चाल. समोरच्यानं त्याची चाल करण्याआधीच आपण आपलं उत्तर देऊन ठेवायचं. त्यानं मोहरा हलवला रे हलवला, की आपली चाल आपोआप होते. ह्या सोयीचं तरुण पिढीला मोठं नवल वाटतं. ‘अहो’ एवढं ऐकताच ‘आणतो’ म्हणून पिशवी घेऊन उठणाऱ्या आमच्या पिढीला ती नवी नाही.

आणि ते रेटिंग! आरपाद एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवणारे एक प्राध्यापक होते. खेळाडूची ताकद आकड्यात मोजण्याची रीत त्यांनी बसवली आणि 1970 मध्ये बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं ती स्वीकारली. मोबाइलवरचं रेटिंग तिच्याच भावकीतलं. जिंकलात की आठ वर, हरलात की आठ खाली. जिन्याखाली कोण कुणापेक्षा सरस ह्याचा निकाल गेली अकरा वर्षं लागलेला नाही, आणि तो लागू नये म्हणूनच सगळे पुन्हा दुसऱ्या दिवशी येतात. इथं दर तीन मिनिटांनी तुमची पत जाहीर होते. शेअरबाजारातल्या माणसाला रात्री झोप का लागत नाही, ते मला ह्या रेटिंगमुळे कळलं.

आता ह्या खेळावरची नेहमीची टीका तुम्हांला ठाऊकच आहे. ‘समोर माणूस नाही, तर खेळण्यात काय राम?’ नाना हे रोज म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, पण हा आरोप काही टिकत नाही. समोर माणूस नसताना बुद्धिबळ खेळण्याचा प्रघात फार जुना आहे. लंडन आणि एडिंबरो इथले दोन क्लब 1824 ते 1828 अशी चार वर्षं पत्रानं बुद्धिबळ खेळत होते. एक चाल लिहायची, पाकीट घोडागाडीत टाकायचं आणि उत्तराची वाट बघत बसायचं. एडिंबरोवाले जिंकले. चार वर्षं शत्रूचं तोंड न पाहता वैर टिकवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पुढे कार्डावर खेळणारे किती तरी झाले. पोस्टमनच्या हाती आपला राजा सोपवून ही माणसं निर्धास्त झोपत.

आणि बॉबी फिशर! 1965 मध्ये क्यूबातल्या हवाना शहरात स्पर्धा होती आणि अमेरिकन सरकार त्याला तिकडे जाऊ देईना. तेव्हा हा गडी न्यू यॉर्कच्या मार्शल चेस क्लबात बसला आणि टेलिप्रिंटरवरून चाली पाठवत सबंध स्पर्धा खेळला. एक चाल जायची, एक यायची, डाव तासन्‌तास लांबायचे. एवढं करून पहिल्या नंबराच्या स्मिस्लोवपेक्षा तो अर्धाच गुण मागे राहिला. तेव्हा तारेवरून बुद्धिबळ खेळणं हे कलियुगाचं लक्षण आहे असं जे म्हणतात, त्यांनी फिशरचं काय करायचं ते आधी ठरवावं.

शिवाय समोर माणूस असला की सगळं मंगलच असतं, असंही नाही. 1972 मध्ये रेक्याविक इथं हाच फिशर स्पास्कीशी जगज्जेतेपदासाठी खेळत होता, तेव्हा खुर्च्यांत काही यंत्र लपवलंय असा रशियनांना संशय आला. खुर्च्यांची क्ष-किरण तपासणी झाली, दिव्यांचं आवरण उघडून पाहिलं. सापडलं काय? दोन मेलेल्या माश्या. 1978 मध्ये फिलिपीन्समधल्या बागिओला कारपोव आणि कोर्चनॉय समोरासमोर बसले, तेव्हा तर कहरच झाला. डाव चालू असताना कारपोवसाठी दह्याची वाटी आली. कोर्चनॉयच्या गोटानं तक्रार केली, की हे दही नाही, हा सांकेतिक निरोप आहे. दही आलं म्हणजे बरोबरी मागावी आणि आंबा आला म्हणजे नाकारावी, असं ह्यांचं ठरलं नसेल कशावरून? शेवटी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाढप्यानंच दही आणावं असा तोडगा निघाला. प्रेक्षकांत बसून टक लावून पाहणारे एक रशियन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांच्या नजरेवर उतारा म्हणून कोर्चनॉय आरशासारख्या काचांचा चष्मा लावून खेळला. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दहीसाखर ठेवणाऱ्या आपल्या आयांना ह्या प्रकरणात नवं काही वाटलं नसतं. दह्यानं निकाल बदलतो हे त्या पहिल्यापासून म्हणत होत्या.

मोबाइलवर ही भीती नाही. तुम्ही दही खा, आंबा खा, समोरच्या पेरूवाल्याला पत्ता लागत नाही. पण तिथली भीती वेगळी. ह्या फोनमध्ये जे यंत्र आहे ते जगज्जेत्यालाही सहज हरवेल, मग समोरचा आपल्या डोक्यानं खेळतोय की दुसऱ्या फोनच्या? 2021 च्या जूनमध्ये विश्वनाथन आनंद करोनाग्रस्तांच्या मदतीसाठी काही नामवंतांशी ऑनलाइन खेळले. आमीर खानही त्यांत होता. त्यात एका तरुण उद्योगपतीनं चक्क आनंदना हरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच जाहीर केलं, की माणसांची आणि संगणकाची मदत घेतली होती. धर्मादाय कामातही हे, तर रात्री साडेअकराच्या पेरूवाल्याकडून काय अपेक्षा करायची?

तीच गत तारेची. 2020 च्या ऑगस्टमध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, ऑलिंपियाड पहिल्यांदाच ऑनलाइन झालं. आपल्या संघाचा कप्तान नाशिकचा विदित गुजराथी. अंतिम सामना रशियाशी. पहिली फेरी तीन-तीन बरोबरीत. दुसऱ्या फेरीत ऐन रंगात निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख ह्या दोघांचं इंटरनेट तुटलं आणि घड्याळ चालत राहिल्यामुळे दोघं वेळेवर हरली. तक्रार झाली, खल झाला, आणि सुवर्णपदक दोघांना विभागून देण्यात आलं. निकाल न्याय्यच होता. पण रणांगणावर घोडा मारला गेला तर समजू शकतं. घोडा ‘रेंजमध्ये नाही’ हे कुठल्या युद्धशास्त्रात बसतं?

मात्र फसवणूक काय आणि रेंज काय, ह्या दुरुस्त होण्याजोग्या गोष्टी आहेत. आज ना उद्या होतील. मला विचाराल तर मोबाइलवरच्या बुद्धिबळाचं खरं उणं डाव चालू असताना दिसतच नाही. ते दिसतं डाव संपल्यावर.

जिन्याखाली डाव संपतो म्हणजे काय होतं? मात बसते. हरलेला माणूस क्षणभर गप्प बसतो. मग हात पुढे करतो, किंवा वकीलकाका असतील तर ‘मी हे अपिलात नेईन’ म्हणतो. आणि लगेच दोघांचे चार हात पटावर तुटून पडतात. ‘इथं, इथं तुम्ही उंट घेतलात ना, त्याआधी माझा घोडा इथं होता.’ ‘इथं नव्हता, तिथं होता.’ ‘बरं तिथं. मी इथं शह दिला असता तर?’ मोहरे भराभरा मागे जातात, झाकण पुन्हा प्यादं होतं, मेलेले हत्ती डब्यातून बाहेर येतात, आणि अर्धा तास चाललेल्या डावाची पाऊण तास उत्तरीय तपासणी होते. मोठ्या स्पर्धांतही ही चाल आहे, तिथंही तिला पोस्टमॉर्टेमच म्हणतात. फरक इतकाच, की इथं मुडदा मधेमधे उठून बसतो आणि ‘मी मेलोच नव्हतो’ असं सिद्ध करू पाहतो.

ह्या तपासणीत हरलेल्याला एक गोष्ट मिळते, जी डावात मिळाली नव्हती. त्याला आपलं म्हणणं मांडता येतं. मी हरलो खरा, पण माझ्या मनात हे होतं, हे बघ केवढं होतं! आणि जिंकलेल्याला ते ऐकून घ्यावं लागतं. बहुतेक वेळा त्याला हेही कळतं, की आपण जिंकलो ते समोरच्याला एक चाल दिसली नाही म्हणून. तिथं बसून मी नानांना कितीदा तरी बोलताना ऐकलंय, ‘वकीलसाहेब, ही चाल तुम्ही केली असतीत तर आम्ही संपलो होतो.’ हे वाक्य ऐकल्यावर तो पाय थांबतो.

मोठ्यांचंही तेच. रेक्याविकला सहावा डाव फिशरनं असा काही खेळला, की तो संपल्यावर टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांत खुद्द हरलेला स्पास्की सामील झाला. 2024 च्या डिसेंबरात सिंगापूरला डिंग लिरेनची एक चाल चुकली आणि 18 वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. तेव्हा त्या पोरानं काय केलं? डोळ्यांतून पाणी वाहत असताना पटावरचे मोहरे पुन्हा आपापल्या घरी नीट लावून ठेवले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये नॉर्वेत त्यानं मॅग्नस कार्लसनला हरवलं, त्याची तऱ्हा वेगळी. हातातला डाव गेलेला पाहून कार्लसननं टेबलावर अशी मूठ आपटली, की मोहरे उडाले. मग स्वतःच ओशाळून त्यानं क्षमा मागितली आणि जाता जाता गुकेशच्या पाठीवर थाप मारली. ते टेबल, ती मूठ आणि ती थाप ही तिन्ही एका मिनिटातली. मोबाइलवर मूठ आपटायची सोय आहे, पण ती पलंगावर, आणि शेजारी झोपलेल्या माणसाची क्षमा मागावी लागते ती निराळीच.

मोबाइलवर डाव संपला की समोरचा नाहीसा होतो. नाहीसा म्हणजे कापरासारखा. ‘पुन्हा खेळायचं?’ असं एक बटण येतं, आणि शेजारी दुसरं, ‘डावाचं परीक्षण’. ते दाबलं की यंत्र तुमच्या चालींवर लाल-हिरव्या खुणा करत सुटतं. ही चाल उत्तम. ही बरी. ही चूक. आणि ही, दोन प्रश्नचिन्हं लावून, घोडचूक. (हा शब्द ज्या कुणी पूर्वजानं मराठीत आणला, त्याचा घोडा बुद्धिबळातला होता की टांग्याचा, देव जाणे, पण माझ्या बाबतीत तो बहुतेक वेळा पटावरच्याच घोड्याला लागू पडतो.) सगळा निकाल दोन सेकंदांत. आणि तो बरोबर असतो, ही त्यातली खरी अडचण. वकीलकाकांशी वाद घालता येतो, कारण तेही चुकतात. यंत्राशी कसला वाद घालणार? ते तुमच्या मनात काय होतं हे विचारत नाही. त्याला तुमच्या मनाशी कर्तव्य नाही.

प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाडी’तले मिर्झा आणि मीर आठवतात? इंग्रज अवध गिळतोय आणि हे दोघे जुन्या पडक्या मशिदीत पट मांडून बसलेत. गोष्टीत शेवटी दोघं डावावरून तलवारी उपसतात आणि मरतात; सत्यजित रायनी 1977 च्या चित्रपटात त्यांना जिवंत ठेवलं आणि पुन्हा खेळायला बसवलं, तेही इंग्रजी पद्धतीनं. आज ते असते तर दोघं आपापल्या दिवाणखान्यात फोन घेऊन बसले असते. भांडण झालं असतं तर एकानं दुसऱ्याला ‘ब्लॉक’ केलं असतं. जीव वाचले असते हे कबूल. पण गोष्ट झाली नसती.

एवढा सगळा विचार मी एका दुपारी घरात मोठ्यानं मांडला. ही समोर बसून भेंडी पुसत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘अहो, तुमचं ते जिन्याखालचं पोस्टमॉर्टेम मी अकरा वर्षं ऐकतेय. चहा घेऊन येते ना. ह्या अकरा वर्षांत एकदा तरी कुणी म्हणालं का, वहिनी, बसा?’

ह्या चालीला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी चष्मा पुसायला घेतला.

हिचं माहेर सांगलीचं. तिकडे हळदीच्या बरोबरीनं बुद्धिबळ पिकतं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी त्या गावात ह्या खेळासाठी आयुष्य घातलं, आणि घरोघरची पोरं पट मांडायला लागली. हिचे दोन्ही भाऊ ओसरीवर खेळत आणि ही दाराच्या चौकटीला टेकून शिकली. पुढे लग्न झालं, आणि मग चौकट बदलली. हे मला ठाऊक होतं. तिनं जे पुढे सांगितलं ते नव्हतं. रोज दुपारी सगळं आवरल्यावर ही फोनवर दहा-दहा मिनिटांचे दोन डाव खेळते. गेली चार वर्षं. रेटिंग 1612. माझं किती हे इथं लिहिण्याचं कारण नाही, विषय तो नाही.

‘तिथं मला कुणी वहिनी म्हणत नाही,’ ती म्हणाली, ‘आणि बाईमाणूस म्हणून मुद्दाम हरतही नाही. हरवतात तेव्हा नीट हरवतात.’

हे मात्र मोबाइलच्या बाजूनं केलेलं मला आजवर भेटलेलं सगळ्यांत जबर भाषण. नाही तर आठवा, आपल्याकडे बायकांना पटापाशी बसायला किती खटपट करावी लागली. बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली 1974 मध्ये, ती वासंती खाडिलकरनं जिंकली. तिची धाकटी बहीण रोहिणी 1976 मध्ये तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा केवढा गहजब झाला. प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि बायकांना मज्जाव करता येणार नाही असा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव ह्यांना द्यावा लागला. पुढे 1981 मध्ये रोहिणी आशियाची विजेती झाली. ह्या मुंबईच्या संपादकाच्या मुली. त्यांच्या मागे घर उभं होतं. ज्यांच्या मागे फक्त चौकट होती त्यांचं काय? 2020 मध्ये जिची तार तुटली त्याच दिव्यानं 2025 च्या जुलैमध्ये, एकोणिसाव्या वर्षी, जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला समोर बसून हरवलं, विश्वचषक जिंकला आणि त्यासरशी ग्रँडमास्टर झाली. तेव्हा नानांनी जिन्याखाली पेढे वाटले. पेढ्यांबरोबर चहा होता, तो वरून आला.

त्या संध्याकाळी मी खाली गेल्यावर वकीलकाकांना सांगितलं, की आज आमची ही तुमच्याशी खेळणार. ‘वा वा, या की वहिनी,’ म्हणून त्यांनी खुर्ची पुसली, आणि ‘पांढरे तुम्ही घ्या’ असं औदार्यही दाखवलं. हिनं ते न घेता दोन मुठींत दोन प्यादी लपवून पुढे केली. काळे आले. सातही खेळवणारे जमले. पहिल्या दहा चालींत तिला एकंदर चौदा सल्ले मिळाले, तेवढ्यात तिनं न बघता किल्लेकोट केला आणि सल्ले कमी झाले. विसाव्या चालीच्या सुमाराला नानांची चप्पल हरवली. ते वाकले, आणि वर येऊन माझ्याकडे पाहून त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. चौतिसाव्या चालीला झाकण मारलं गेलं. एकेचाळिसाव्याला मात.

मला वाटलं, आता ही थर्मास उचलून वर येईल. पण वकीलकाका ते वकीलकाका. ‘थांबा थांबा वहिनी, अशा कशा उठता! तुम्ही वजीर इथं आणलात, तेव्हा माझ्या मनात काय होतं ते तरी बघा,’ म्हणत त्यांनी मोहरे मागे घ्यायला सुरुवात केली. सव्वा तास. डास आले, दिवे लागले, पंप सुरू होऊन बंद झाला. ही आधी नुसती ऐकत होती, मग तिचाही हात पटावर गेला. ‘इथं नव्हता तुमचा उंट.’ ‘इथंच होता!’ ‘काका, तिथं होता, मी त्याच्यामुळेच प्यादं सोडलं.’ शेवटी सत्ताविसाव्या चालीपाशी गाडी अडली. तिथं हत्तीचा बळी दिला असता तर आपण वाचलो असतो, असा वकीलकाकांचा दावा. नसतात वाचला, असं हिचं म्हणणं. निकाल लागला नाही. ‘उद्या,’ वकीलकाका म्हणाले. त्यांचा पाय मी मुद्दाम पाहिला. स्वस्थ होता.

वर आल्यावर ती म्हणाली, ‘जिंकल्यावर एवढं ऐकून घ्यावं लागतं हे मला माहीत नव्हतं हो.’ आणि माळ्यावरून माझा जुना संच काढून तिनं जेवणाच्या टेबलावर सत्ताविसावी चाल मांडली.

आज तिसरा दिवस. टेबल अडलेलं आहे, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. खाली वकीलकाकांनीही म्हणे आपल्या घरी तोच पट मांडलाय, आणि वहिनींचं काही तक्रारपत्र आलं का म्हणून ते मला रोज विचारतात. काल आमटी धोतरावर सांडल्यावर मी तिला म्हटलं, अगं, फोनमध्ये घाल की ती चाल, दोन सेकंदांत सांगेल तो, हत्ती द्यायचा की नाही ते.

‘त्याला काय विचारायचं?’ ती पटावरची नजर न काढता म्हणाली. ‘त्याला माहीतच असतं. तुम्ही जरा तो हत्ती उचला बघू. नाही, तो नाही; पलीकडचा.’